खार्टूमचा माठ

माझी एक खोड आहे. कुणी अडचण सांगायला लागलं की त्याचं सांगून व्हायच्या आत माझ्याकडे उपाय तयार असतो. नवरा म्हणतो, हिला नुसतं ‘अरेरे’ म्हणता येत नाही. धंद्याचाच गुण असेल. तीस वर्षं औषधं देतेय, आधी कऱ्हाडला एका मेडिकलच्या काउंटरवर आणि मग बावीस वर्षं इथे लीड्समध्ये, एका हॉस्पिटलच्या तळघरातल्या फार्मसीत. माणसं दुखणं सांगतात, मी खोका काढते. या खोडीपायी काय झालं ते एकदा सरळ लिहून काढावं म्हणून बसलेय. घरात बोलायला गेले की सगळे माझी समजूत घालायला लागतात, आणि मला समजूत नको आहे.

फार्मसीत माझ्या शेजारच्या बेंचवर एक सुदानी मुलगी काम करते. मुलगी म्हणजे चाळिशीतली, पण माझ्याहून लहान म्हणून मुलगी. ती खार्टूमची. तिथे फार्मसिस्ट होती, स्वतःचं दुकान होतं. इथे सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायच्या म्हणून टेक्निशियन म्हणून लागली. तिने औषधं काढून, लेबलं लावून ट्रेमध्ये ठेवायची आणि मी ती तपासून सही करायची, असं आमचं काम. सहा वर्षांत तिची चूक पकडल्याचं मला आठवत नव्हतं, आणि चुका पकडण्यात मी पटाईत आहे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने लेबलांच्या मागच्या कागदावर मला तिचं शहर काढून दाखवलं होतं. इकडून पांढरी नाईल, तिकडून निळी, मधे खार्टूम. दोघी मिळाल्यावरही बराच वेळ दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी वाहतं म्हणे. मी कसली ऐकतेय. म्हटलं, आमच्या कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना धडकतात आणि मग दोघी मिळून काटकोनात वळतात, तसं जगात कुठे नाही. ती म्हणाली, म्हणजे तुमच्या नद्या भांडून एकत्र होतात आणि आमच्या न बोलता. यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि हे तिने त्याच दिवशी अख्ख्या फार्मसीला सांगितलं.

तिची आई खार्टूममध्ये एकटी राहायची. मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या पुढची, इंग्रजी खणखणीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगा सौदीत, एक मुलगी लीड्समध्ये. मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतःचं स्वतः घ्यायची. व्हिडिओ कॉलवर मी तिला अधूनमधून पाहिलं होतं. साडीसारखं लांबलचक कापड डोक्यावरून घेतलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बघणं असं की आपण गृहपाठ न करता आलोय असं वाटावं.

लढाई सुरू झाली तो एप्रिलमधला शनिवार होता. इथले आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध लोक चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी घेतो, कारण नेमक्या दिवशी सगळे कामावर. मी हॉलमध्ये खुर्च्या लावत होते तेव्हा तिचा फोन आला. तिचा रोजा होता, आवाज कोरडा पडलेला. सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यातच जुंपली होती, विमानतळावरून धुराचे लोट उठत होते, आणि आईचं घर तिथून फार लांब नव्हतं. माझ्यामागे पोरं गाण्याची प्रॅक्टिस करत होती. तिने विचारलं, कुणाचं लग्न आहे का, मग मी नंतर करते. मी हो-नाही म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता.

पहिल्याच आठवड्यात तिकडची वीज गेली. पुढे कधी यायची, कधी नाही. नळाचंही तेच. गल्लीतली निम्मी घरं रिकामी झाली. तिची मावशी मदनीला होती, खार्टूमच्या दक्षिणेला निळ्या नाईलवरचंच ते शहर, आणि तिथे तेव्हा शांत होतं. बस चालू होत्या. मुलगा सौदीतून आणि मुलगी इथून रोज आईला विनवत होते की मावशीकडे जा. आई म्हणायची, घर सोडलं की घर जातं. ती चुकीचं बोलत नव्हती. रिकाम्या घरांत बंदूकवाले शिरत होते आणि दारांच्या चौकटीसुद्धा उचकटून नेत होते.

मुलीकडे एकच हुकमी पान होतं, ते म्हणजे इन्सुलिन. रमजानच्या आधी मुलगा येऊन आईचा फ्रीज बाटल्यांनी भरून गेला होता. आता फ्रीज बंद आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश. ते आता टिकणार नाही, मग काय करशील, असं मुलगी रोज विचारायची, आणि एवढ्या एकाच प्रश्नावर आई गप्प व्हायची. ‘जाणार नाही’वरून ती ‘बघू’पर्यंत आली होती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या कानावर एवढंच आलं की औषध खराब होणार आहे.

औषध खराब होणार म्हटलं की माझं डोकं आपोआप चालू होतं. कऱ्हाडच्या मेडिकलमध्ये वाड्यावस्त्यांवरची माणसं इन्सुलिन न्यायला यायची. त्यांच्या घरी फ्रीज कुठला, लाइटचाच पत्ता नाही. आम्ही सांगायचो, मोठा माठ घ्या, त्याच्या पोटात छोटं मडकं बसवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती ओली ठेवा. बाटल्या डब्यात घालून आतल्या मडक्यात ठेवा, वर ओलं फडकं टाका. सावलीत, वारा लागेल असं ठेवा. बाहेरचं पाणी सुकत जातं तसं आत गार होत जातं. कित्येक म्हाताऱ्यांनी त्यावर उन्हाळे काढले होते.

त्याच दुपारी मी तिच्या फोनवरून तिच्या आईला समोर बसवलं. त्यांच्याकडेही माठ निघाला, झीर म्हणतात त्याला, अंगणात लोखंडी तिवईवर ठेवलेला. मी इकडून सांगत होते आणि ती तिकडे गल्लीतल्या एका माणसाकडून वाळू चाळून घेत होती. लीड्समध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. झालं तेव्हा ती म्हणाली, यात पाणी गार होतं हे मला सत्तर वर्षं माहीत आहे, औषधही होईल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना थर्मामीटर तिच्याकडे होता. तो तिने आत सोडला.

मला तेवढ्यावर चैन पडेना. मी गार्डन सेंटरमधून लहान-मोठ्या दोन मातीच्या कुंड्या आणल्या, त्यांची बुडाची भोकं कणकेने बुजवली, मधे वाळू भरली आणि घरातल्या बॉयलरच्या गरम कपाटापुढे पंखा लावून दोन दिवस तापमान लिहीत बसले. माझी लेक एकोणीस वर्षांची, इथेच जन्मलेली, एडिनबराला शिकते. ती सुट्टीवर आलेली. म्हणाली, “आई, हा काय experiment आहे? पूर्ण घर मातीची वास मारतोय.” मी तिला वाळू ओली करायच्या कामाला लावलं.

जमलं. खार्टूममध्ये भर दुपारीसुद्धा मडक्यात सत्तावीसच्या वर आकडा गेला नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चहाच्या वेळी मी सगळ्यांना फोटो दाखवले. आमच्या मंडळाच्या ग्रुपवरही टाकले, आणि कुणीतरी आपल्या गावाकडचं ज्ञान जगाच्या कामी आलं असं लिहिलं, तर मी नको नको म्हणत चार वेळा ते वाचलं.

मग एके दिवशी लॉकरच्या खोलीत ती कोट काढत होती आणि मी सहज विचारलं की आई मदनीला कधी निघतेय. ती हँगर हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, आई म्हणते आता जायची गरज उरली नाही, तुझ्या इंडियन मैत्रिणीने माझी अडचण सोडवली.

मी काहीतरी बोलायला गेले. तिने थांबवलं.

“एकच प्रश्न होता ज्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं,” ती म्हणाली. “ते तू दिलंस.”

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर मी भांडले असते, आणि भांडायला मला येतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई माझ्याकडे बघून म्हणायची. मी घरी येऊन नवऱ्याशी तासभर वाद घातला की मी औषध वाचवलं, औषध वाचवणं हे माझं काम, माणसाने कुठे राहायचं हे मी कसं ठरवणार. तो एकदाही ‘तुझं चुकलं’ म्हणाला नव्हता. मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलत होते.

तिच्या आईने मात्र माझ्याशी एक वेगळंच नातं जोडलं. रोज सकाळी माझ्या फोनवर तिचा एक आकडा यायचा. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. मडक्यातलं तापमान. नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसता आकडा. सिग्नल दिवसातून थोडाच वेळ मिळायचा, त्यात तेवढंच जायचं. मुलगी कामावर आली की कोट घालायच्या आधी माझ्या बेंचपाशी येऊन विचारायची, “आला?” मी आकडा सांगायचे. आकडा आला म्हणजे आई जिवंत, असा त्याचा अर्थ होता, आणि तो आम्ही दोघींनी कधी बोलून दाखवला नाही. काही दिवस आकडा यायचा नाही. त्या दिवशी ती विचारायची नाही, माझ्या चेहऱ्यावरून ओळखायची.

उन्हाळा गेला, इथे पानं पिवळी पडली. तिच्या आईच्या शेजारच्या घरावर गोळा पडला आणि अंगणाची एक भिंत गेली. माठ दुसऱ्या बाजूला होता म्हणून वाचला, असं आईने कळवलं, जसं काही माठाचीच काळजी होती. पाणी गाढवाच्या गाडीवरून विकत घ्यावं लागायचं आणि त्यातलं ती रोज दोन तांबे वाळूवर ओतायची. प्यायचं पाणी. माझ्या सांगण्यावरून. ऑक्टोबरात तिच्याकडे तीनच बाटल्या उरल्या. त्या संपल्यावर काय, असं विचारलं की म्हणायची, अल्ला बघेल, तीन बाटल्या म्हणजे अडीच महिने.

त्याच सुमाराला एका ट्रेमध्ये मला हृदयाच्या गोळीची चुकीची ताकद सापडली. पाहिजे होती त्याच्या चौपट. लेबल बरोबर, आतला खोका चुकीचा. मी तो बाजूला काढला, नियमाप्रमाणे नोंद केली आणि तिला दाखवला. तिने तो कुणा परक्याचा असावा तसा हातात घेऊन पाहिला. मग जिन्यात जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

“तू तिला सांग,” ती म्हणाली. “सांग की औषध गेलं. माठात टिकलं नाही. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकेल.”

मी नाही म्हणाले. लगेच, विचार न करता. औषधाबद्दल मी कुणा रुग्णाशी कधी खोटं बोलले नाही, हे मी तिला सांगितलं. ते खरंही होतं. दर रविवारी आम्ही कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत जमून पंचशील घेतो आणि त्यातलं चौथं, खोटं बोलणार नाही हे, मला सगळ्यांत सोपं वाटत आलंय. मला दारू चालत नाही, चोरीचा प्रश्न नाही, आणि खोटं बोलायला लागणारी नरमाई माझ्यात नाहीच. मी तिला म्हटलं, तू स्वतः फार्मसिस्ट आहेस, तुला कळत नाही का काय मागतेयस. ती म्हणाली, कळतं, म्हणून तर मागतेय. आम्ही खाली येऊन कामाला लागलो. त्या आठवड्यात ती माझ्याशी फक्त औषधांची नावं बोलली.

लेकीला फोनवर हे सांगितलं तर तिने उलट मलाच विचारलं. “मी लहान होते तेव्हा तू सांगितला होता ना, इंजेक्शन दुखणार नाही? That was a lie, आई. आणि मला काय राग नाही आली.” मी म्हटलं, ते वेगळं. तिने विचारलं कसं वेगळं, तर मी तिच्या परीक्षेचा विषय काढला.

मग तीन दिवस आकडा आला नाही. चौथ्या दिवशी आला, सव्वीस, आणि पहिल्यांदाच त्याच्याखाली चार ओळी होत्या. माणसं घरात शिरली होती. गाद्या, गॅसची टाकी, नवऱ्याचं घड्याळ घेऊन गेली. एकाने माठात हात घालून बघितलं आणि औषधं आहेत म्हटल्यावर तशीच ठेवली. तू काळजी करू नकोस, असं शेवटी लिहिलं होतं. मी तो फोन बेंचवरून तिच्याकडे सरकवला. तिचं वाचून होईपर्यंत माझा निर्णय झाला होता. मी म्हटलं, रविवारी दुपारी माझ्या घरी ये.

माझ्या स्वयंपाकघरात मी टेबलापाशी बसले आणि ती वॉशिंग मशीनच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. दोनदा कॉल लागून तुटला. तिसऱ्यांदा आई दिसली. चेहरा निम्मा झालेला, कापड तेच, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी म्हटलं, मला बाटली बघायचीय. तिने मडक्यातून बाटली काढून खिडकीच्या उजेडात धरली. पाण्यासारखी नितळ. त्या बाटलीत काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

“ही खराब झालीय,” मी म्हणाले.

तिने बाटली डोळ्यांजवळ नेली. “स्वच्छ दिसतेय की.”

“स्वच्छ दिसली तरी ताकद जाते. उन्हाळा मोठा गेला. तुम्हाला आता नवीन औषध पाहिजे, आणि ते मदनीला मिळतंय. बहिणीकडे जा.”

ताकद जाते हे खरं आहे, पुस्तकात लिहिलेलं आहे. मी खरं वाक्य खोट्या कामाला लावलं होतं आणि मला वाटलं, निभावलं. तिने बाटली पुन्हा एकदा उजेडात फिरवून बघितली. मग म्हणाली, “बरं. मग या तिन्ही फेकून देते.”

आणि तिथे माझं सगळं ढासळलं. मदनीपर्यंत रस्त्यावर किती चौक्या, किती दिवस लागतील कुणाला माहीत. पोचेपर्यंत तिला इंजेक्शन तर लागणारच. चांगलं इन्सुलिन फेकून दे हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. दुसऱ्या कुणाला बोलता आले असते, मला नाही.

“फेकू नका,” मी म्हणाले. “ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घ्या. नेहमीएवढंच घेत जा, तिथे नवीन मिळेपर्यंत.”

“खराब झालेलं?”

चाळीस वर्षं मुलींच्या सबबी ऐकलेल्या बाईपुढे मी बसले होते. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“माझी मुलगी तुझ्या शेजारी बसलीय का?” तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

“तिला सांग, मी निघते,” आई म्हणाली. “तुला हे सांगायला लावण्याइतकी ती घाबरलीय हे मला माहीत नव्हतं.”

चार दिवसांनी ती मदनीला पोचली. तिन्ही बाटल्या बरोबर होत्या. तिथे दुकानात फ्रीज होते, फ्रीजमध्ये औषध होतं. बहिणीच्या अंगणात खाटेवर बसलेला तिचा फोटो आला. आकडे बंद झाले, कारण आता मोजायचं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला सकाळी चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मुलीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने डबाभर खजुराची बिस्किटं करून आणली आणि माझ्या बेंचवर ठेवली. मी घरी नवऱ्याला म्हटलं, बघ, एक खोटं बोलले आणि एक माणूस वाचलं. तो म्हणाला, बरं झालं. मला आणखी काहीतरी ऐकायचं होतं.

दोन महिनेही झाले नाहीत. नाताळच्या आधीच्या आठवड्यात लढाई मदनीला पोचली. मी टीव्हीवर पाहिलं, पुलावरून चालत निघालेली माणसं, डोक्यावर बोचकी. मावशीच्या मुलाने सगळ्यांना बाहेर काढायचा प्रयत्न केला, पण दोघी म्हाताऱ्यांना चालवेना. त्या मागे राहिल्या. दुकानं लुटली, फ्रीजसकट. मग फोन बंद, इंटरनेट बंद, आठवड्यांमागून आठवडे काही नाही. माझ्या लेकीच्या पिढीचा गुण म्हणजे तिला नुसतं ‘अरेरे’ म्हणता येतं. त्या दिवसांत ती मला रोज फोन करून तेवढंच म्हणायची.

पुढचा रमजान लागायच्या थोडं आधी मावशीच्या मुलाचा आवाजी निरोप आला. आई जानेवारीतच गेली होती. इन्सुलिन संपल्यावर पाच-सहा दिवस काढले, शेवटचे दोन शुद्ध नव्हती. तिथेच पुरलं. खार्टूमचं घर तेव्हा उभं होतं.

मी डोक्यात पुन्हा पुन्हा बाटल्या मोजते. तीन बाटल्या, अडीच महिने, म्हणजे खार्टूममध्येही जानेवारीच. पण तिकडे कदाचित कुणी दिलं असतं. कदाचित गोळा पडला असता. कदाचित काहीच झालं नसतं. मला याचं उत्तर मिळत नाही.

लीड्सच्या हेअरहिल्स भागातल्या तिच्या घरी मी भेटायला गेले. भिंतीकडेने गाद्या टाकलेल्या, त्यावर त्यांच्यातल्या बायका बसलेल्या, कुणी कुराण वाचत होतं. मी आत गेले तशी कुजबुज थांबली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला कळेना का. तिने येऊन माझा हात धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं.

तिचा भाऊ सौदीतून रोज फोन करून विचारत होता, आईला घर सोडायला कुणी लावलं. खार्टूमला निदान घर तरी होतं, ती तिथेच गेली असती तर बापाशेजारी तरी पुरता आलं असतं, असं तो म्हणत होता.

“मी त्याला सांगितलं, हॉस्पिटलच्या फार्मसिस्टने बाटली बघून सांगितलं की औषध खराब झालंय,” ती म्हणाली. “मी तुला बोलायला लावलं, हे नाही सांगितलं. बाहेर बसलेल्यांनाही नाही. त्याला तुझ्याशी बोलायचंय.”

मला संताप आला. उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही. जिन्यात बसून कुणी मागितलं होतं? मी नाही म्हणाले होते. आठवडाभर नाही म्हणाले होते. हे सगळं जिभेवर आलं होतं. ती सिंकपाशी उभी राहून एकच चहाचा ग्लास फडक्याने पुसत होती, कोरडा झाला तरी पुसत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नाव बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला.

त्याचा आवाज त्याच्या आईसारखाच होता. फार अदबीने बोलला. त्यांच्याकडे फार्मसिस्टलाही डॉक्टर म्हणतात.

“डॉक्टर, तुम्हाला त्रास देतोय. एकच विचारायचं होतं. ती बाटली खरंच खराब झाली होती?”

“हो,” मी म्हणाले. “पूर्ण खराब झाली होती. मी स्वतः बघितली. तिथे राहिल्या असत्या तर आठवडाही निघाला नसता.”

या वेळी मी कुठेही अडखळले नाही.

तो म्हणाला, म्हणजे कुणाचाच दोष नाही. मी म्हटलं, कुणाचाच नाही. त्याने माझे आभार मानले, दोनदा मानले, आणि फोन ठेवला.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. ग्लास ट्रेमध्ये मांडले, चहा ओतला आणि ट्रे माझ्या हातात दिला. मी तो घेऊन बाहेर बायकांमध्ये गेले. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने माझा हात धरून मला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत अरबीत काहीतरी पुटपुटली. एकीने मला इंग्रजीत सांगितलं, ती तुला दुवा देतेय, आमच्या बहिणीसाठी तू जे केलंस त्याबद्दल. मी मान खाली घातली आणि तो दुवा घेतला.